उत्तर मुलांचंच असू द्या

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. १९८३ साली ‘पटेल-३’ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपून ठेवलं, पुढच्या हंगामात वेगळं पेरलं आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काटेरी झुडपं लावली. निवडायचं, पेरायचं, पुन्हा निवडायचं, असं काही वर्षं चाललं. त्यातून हाती आलेला बारीक तांदूळ घड्याळाच्या नावावरून ‘एचएमटी’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि महाराष्ट्राबाहेरही पिकू लागला. दादाजी २०१८ साली गेले.

मुलांना कल्पकता शिकवायची म्हणजे नेमकं काय शिकवायचं, असं शिक्षक विचारतात तेव्हा मला हे आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पुरेसं वाटतं. निराळं दिसलं की त्याच्यापाशी थांबणं, ते वेगळं काढून तपासणं, फसलं तर पुन्हा करणं, आणि हे सगळं हाताशी असलेल्या सामानात करणं. आपल्या बहुतेक शालेय स्पर्धा यातल्या एकाही गोष्टीला गुण देत नाहीत. पाठांतराला देतात, हस्ताक्षराला देतात, सजावटीला देतात. भद्रावती तालुक्यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रश्नसोडवणुकीची खरी स्पर्धा उभी करायची असेल तर काय काय करावं लागेल, ते इथे सांगायचं आहे. शिक्षक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि गावातली शिकलेली तरुण पोरं, या सगळ्यांनी मिळून करण्याजोगं हे काम आहे.

असं काम जगात पूर्वी झालेलं आहे. अमेरिकेत पॉल टॉरन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मुलांसाठी भविष्यातल्या प्रश्नांवर विचार करण्याचा उपक्रम सुरू केला. १९७८ साली न्यू जर्सीत सॅम मिक्लस या प्राध्यापकांनी सुरू केलेली स्पर्धा पुढे ‘ओडिसी ऑफ द माइंड’ या नावाने अनेक देशांत पोचली. तिचे नियम आपल्याला फार उपयोगी आहेत. चमूत जास्तीत जास्त सात मुलं. मुख्य प्रश्न काही महिने आधी मिळतो, खर्चाला वरची मर्यादा असते, मंचावर आठ मिनिटं मिळतात, आणि स्पर्धेच्या दिवशी बंद खोलीत एक गुप्त प्रश्न जागेवर सोडवावा लागतो. सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की मोठ्यांनी कल्पना सुचवायची नाही आणि वस्तू करूनही द्यायची नाही.

आपल्याकडेही वाटा आहेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३पासून भरते. १० ते १७ वर्षांची मुलं तिच्यात परिसरातला एखादा प्रश्न घेऊन पाहणी करतात. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत शाळेला पाच मुलांच्या कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला नमुना करण्यासाठी १० हजार रुपये मिळतात. मुंबईतून चालणारी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधनही मागते. पण सहा-सात मुलांनी एकत्र बसून, भांडून, समजून घेऊन काही घडवायचं आणि ते लोकांपुढे उभं करायचं, ही जागा या सगळ्यांत रिकामीच राहते. तालुक्याच्या स्पर्धेने ती भरावी.

प्रश्न कसा लिहावा

स्पर्धा चांगली होणार की वाईट, हे प्रश्न लिहिला जातो त्याच दिवशी ठरतं. ‘पाणी वाचवा’ हा प्रश्न नव्हे, ते घोषवाक्य आहे. त्याच्यावर मुलं तक्ते रंगवतील आणि भाषण करतील. चांगल्या प्रश्नात मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली अडचण असते, मोजता येईल असं काहीतरी असतं, आणि अटी असतात. अटींवर मी मुद्दाम जोर देतो. वाट्टेल ते करा म्हटलं की मूल पाहिलेलंच करतं. हे वापरायचं नाही, एवढ्याच पैशांत करायचं, असं म्हटलं की डोकं चालू लागतं.

उदाहरण घेऊ. मोहर्ली, मुधोलीकडच्या जंगलालगतच्या गावांत पिकाची राखण हा वर्षभराचा घोर आहे. रानडुकरं येतात, रोही येतात, रात्रीची जागल करायला शेतकरी मचाणावर जातो आणि वाघाच्या भीतीत रात्र काढतो. मुलांना हे सांगावं लागत नाही. त्यांचा बापच जागलीला जातो. मग प्रश्न असा लिहा: ‘शेतात माणूस नसताना रात्रभर अधूनमधून आवाज करणारं साधन तयार करा. वीज, बॅटरी आणि फटाके वापरायचे नाहीत. खर्च ३०० रुपयांच्या आत. दोन आवाजांमधलं अंतर दर वेळी सारखं नसावं, कारण एकसारख्या आवाजाला जनावरं काही दिवसांत सरावतात. किमान दोन तास कुणी हात न लावता चाललं पाहिजे.’ या प्रश्नात वारा आहे, पाण्याचं वजन आहे, तरफ आहे, टिनाचा डबा आहे, जनावरांचा स्वभाव आहे. मुलगा शेतकऱ्याचा असो की आयुध निर्माणी वसाहतीतला, दोघांनाही त्यात शिरायला जागा आहे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो म्हणून विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हातही टिनाच्या छपराखालचा वर्ग भाजून निघतो. ‘दुपारी दोन वाजता वर्गातलं तापमान बाहेरच्यापेक्षा कमी ठेवा; पंखा नाही; वापरलेलं सामान गावातच मिळालं पाहिजे.’ कुणी तणस अंथरेल, कुणी चुना फासेल, कुणी वेल चढवेल. दोन थर्मामीटर आणि रोजची नोंद एवढ्यावर हा प्रश्न तपासता येतो. मातीचाही विचार करा. कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघामुळे भद्रावतीचं नाव कुंभारकामाच्या क्षेत्रात देशभर गेलेलं आहे. एका मडक्यात दुसरं मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, अशा साधनात भाजी किती दिवस टिकते हे मुलं सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबरमध्ये मोजू शकतात. दमट हवेत ते नीट चालत नाही, कोरड्या हवेत चालतं. हा फरक त्यांनी स्वतः शोधला तर बाष्पीभवनाचा धडा वेगळा शिकवायची गरज उरत नाही.

माजरी, तेलवासा, कुनाडा या खाणपट्ट्यातल्या शाळांना कोळशाच्या धुळीचा प्रश्न द्या. खिडकीबाहेर चिकटपट्टी उलटी लावून ठेवायची, ठरावीक तासांनी काढून आलेखाच्या कागदावर चिकटवायची आणि एका चौकटीतले कण भिंगातून मोजायचे. धूळ कोणत्या वेळी जास्त, कोणत्या बाजूने जास्त, हे कळल्यावरच उपायाला हात घालायचा. शालेय पोषण आहाराची ताटं किती कमी पाण्यात स्वच्छ होतात, हा पहिल्या वर्षासाठी सगळ्यांत सोपा आणि फार चांगला प्रश्न आहे, कारण तो प्रत्येक शाळेत रोज दुपारी हजर असतो.

मोहाबद्दल थोडं थांबून सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि कित्येकदा तीच आग रानात पसरते. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाच्या तावडीत सापडतो तो वेगळाच. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधून फुलं अधांतरी झेलता येतात, ती स्वच्छ राहतात आणि आग लावावी लागत नाही. पण जाळी किती उंचीवर, किती ताणून, गुरं आणि हरणं खाली शिरली तर काय, एका झाडाला खर्च किती आणि तो किती हंगामांत फिटतो, हे सगळं मोजण्यासारखं आहे. अडचण एवढीच की स्पर्धा जानेवारीत आणि मोह मार्चमध्ये. म्हणून हा प्रश्न दोन वर्षांचा ठेवावा. सहावी-सातवीच्या मुलांनी मार्च-एप्रिलमध्ये गावातल्या किंवा शेताच्या धुऱ्यावरच्या झाडाखाली फक्त निरीक्षण करावं, फुलं तोलावी, वेळ लिहावा. पावसाळ्यानंतर रचना करावी, जानेवारीत ती मांडावी आणि पुढच्या हंगामात झाडाखाली तपासावी. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी याहून मोलाचा प्रश्न मला दिसत नाही.

काही गोष्टी मात्र प्रश्नपत्रिकेवरच ठळक लिहून टाका. मुलांनी निरीक्षणासाठी जंगलात जायचं नाही, पहाटे आणि सांजवेळी शेताकडेही मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही. तारेत वीजप्रवाह सोडणं कोणत्याही रूपात चालणार नाही. त्याने आपल्याकडे माणसंही मेली आहेत आणि वाघही. विस्तव, खोल पाणी, फासे, विष, हे सगळं बाद. असा उपाय कितीही कल्पक असला तरी शून्य गुण, हे आधीच जाहीर असू द्या.

चमू

सात मुलं घ्या, आणि सात घेण्यामागे आपल्याकडचं एक स्वतंत्र कारण आहे. जानेवारीच्या सुमारास अनेक मजूर कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि मुलं त्यांच्याबरोबर जातात. चमू चौघांचाच असेल तर दोघं गेल्यावर तो मोडतो. गेलेल्या मुलाचं नाव चमूत कायम ठेवा, त्याने केलेलं काम वहीत त्याच्या नावाने असू द्या आणि प्रमाणपत्र त्याच्या घरी पोचवा.

मुलांची निवड गुणपत्रिकेवरून करू नये. सायकलची साखळी बसवणारा, घरी कोंबड्यांचं खुराडं बांधणारी, सतत प्रश्न विचारून वर्गात त्रास देणारा, असं प्रत्येक वर्गात कुणीतरी असतं. त्यांना आत घ्या. मुलींकडे सजावट आणि लेखन, मुलांकडे हातोडी आणि करवत, ही वाटणी आपोआप होते. ती मोडण्यासाठी नियमच करा की दर आठवड्याला कामं बदलतील. वीसेक पटाच्या शाळा असतील तर दोन गावांनी मिळून एक चमू करायला हरकत नसावी.

भाषेचाही नियम हवा. हीच स्पर्धा गडचिरोलीत नेली तर गोंडी आणि माडिया बोलणारी मुलं येतील, सिरोंच्याची तेलुगू बोलतील, चामोर्शी-मुलचेऱ्याकडची बंगाली बोलतील. मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत त्याला बोलू द्या. परीक्षकांजवळ समजावून सांगणारा माणूस बसवा. प्रमाण मराठीतल्या चुकांचे गुण कापण्याचा या स्पर्धेत प्रश्नच येत नाही.

चमूने निर्णय कसा घ्यावा? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. तिथे अभ्यासगट बसतात, विषय पूर्ण समजून घेतात आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने ठरवते. या पद्धतीने चाललेल्या गावाला २००९ साली १८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाले. मुलांच्या चमूलाही हीच शिस्त लावा. कॅप्टन नको, मतदान नको. एकाला पटत नसेल तर का पटत नाही ते वहीत लिहायचं आणि त्याची शंका चाचणी घेऊन तपासायची. याला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच शिक्षण आहे.

कल्पना काढण्याच्या बैठकीला मात्र उलटा नियम लावा. अ‍ॅलेक्स ऑसबोर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने सांगितलेली पद्धत आजही उपयोगी पडते. अर्धा तास कुणीही कुणाच्या कल्पनेला चूक म्हणायचं नाही, हसायचं नाही, सगळं लिहून काढायचं. पहिल्या दहा-बारा कल्पना सगळ्यांना सुचतात त्याच असतात. त्यानंतर एक शांतता येते, आणि शिक्षक इथेच घाईघाईने मदतीला धावतात. धावू नका. त्या शांततेनंतर जे येतं त्यासाठीच ही बैठक आहे.

मोठ्यांचे हात

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडी बैल सजवून आणतात आणि बक्षिसं वाटली जातात. किती तरी वेळा ती सजावट बापाची किंवा मामाची असते, आणि लेकरू दोरी धरून उभं असतं. सणाला ते शोभतं. पण विज्ञान प्रदर्शनातही तेच होऊ लागलं तेव्हा आपण काहीतरी मोलाचं गमावलं. शहरातून विकत आणलेला नमुना, शिक्षकांनी पाठ करून घेतलेली चार वाक्यं आणि मागे उभे पालक, हे चित्र तालुक्याच्या पातळीवर कितीदा तरी दिसतं. मूल त्यातून शिकतं ते एवढंच की मोठ्यांचं काम आपलं म्हणून दाखवायचं असतं.

म्हणून मदतीची रेघ स्पष्ट आखा. कौशल्य शिकवायला परवानगी आहे. करवत कशी धरायची, गाठ कशी मारायची, बांबू कसा चिरायचा, तापमापक कसा वाचायचा, हे सुताराकडून, बुरुडाकडून, शिक्षकाकडून शिकता येईल. कल्पना देणं, रचना ठरवणं, वस्तू करून देणं बंद. राखणीच्या प्रश्नाचंच पाहा. जपानमध्ये बांबूची नळी पाण्याने भरली की कलंडते, रिकामी होऊन परत दगडावर आपटते आणि त्या ठोक्याने हरणं, रानडुकरं बिचकतात. ‘शिशी-ओदोशी’ म्हणतात तिला. हे माहीत असलेल्या शिक्षकाच्या ओठांवर ते येणारच. पण त्याने सांगितलं की चमूचा विचार तिथेच संपला. ‘पाण्याचं वजन वापरून बघा ना’ एवढं म्हटलं तरी उत्तर देऊन झालं. त्याऐवजी विचारावं, ‘रात्रभर शक्ती कुठून कुठून मिळू शकेल, यादी केली का?’ मुलं वारा लिहितील, पाणी लिहितील, वर टांगलेला दगड लिहितील, कुणी बैलही लिहील. यादी त्यांची, निवड त्यांची.

हा नियम पाळला जातो की नाही हे कसं कळणार? शपथपत्रं घेऊन काही होत नाही. परीक्षकांनी चमूतल्या शांत मुलीला विचारावं, ‘हा जोड तू पुन्हा करून दाखवशील?’ आणि सामान पुढे ठेवावं. ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांचे हात लगेच चालतात. नसेल केलं तर तेही दोन मिनिटांत कळतं.

खर्चाची मर्यादा समानतेसाठी आहे. ३०० रुपये म्हणजे ३०० रुपयेच, आणि पावत्या किंवा साध्या कागदावरचा हिशेब वहीला जोडायचा. पऱ्हाट्या, तणस, कुटार, फुटलेली मडकी, रद्दी, जुने टायर, बाटल्या यांची किंमत शून्य धरावी. मग खेड्यातला चमू आपोआप पुढे येतो, कारण टाकाऊ सामानाची त्याला जास्त ओळख असते.

गुण आणि परीक्षक

‘ओडिसी’त मुख्य प्रश्नाला २००, जागेवरच्या प्रश्नाला १०० आणि सादरीकरणाच्या शैलीला ५० गुण असतात. आपण १०० गुणांत असं बसवू: निरीक्षणाच्या वहीला २५, कल्पनेच्या नवेपणाला २५, चाचणी आणि सुधारणेला २०, जागेवरच्या प्रश्नाला २० आणि सादरीकरणाला १०. वहीला एवढे गुण पाहून काहींच्या भुवया उंचावतील. पण वहीच खरं सांगते. तारीख, कोण हजर होतं, काय पाहिलं, काय मोजलं, काय फसलं आणि त्यावर काय ठरलं, एवढंच तिच्यात हवं. अक्षर वाईट चालेल, चित्रं वाकडी चालतील. मागाहून स्वच्छ लिहून काढलेली वही मात्र स्वीकारू नका.

फसलेल्या प्रयोगालाही मान मिळाला पाहिजे. ‘ओडिसी’च्या सुरुवातीच्या काळात एका चमूने पाण्यावरच्या किड्याच्या धर्तीवर एक वाहन केलं. ते पाण्यात उलटलं, पण कल्पना इतकी धाडसी होती की त्या किड्याच्या शास्त्रीय नावाने, ‘रानात्रा फुस्का’ या नावाने, कल्पकतेचा स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला. आपल्या तालुक्यातही असा एक पुरस्कार ठेवा, गुणांच्या क्रमाशी संबंध नसलेला. त्याला दादाजींचं नाव दिलं तर मुलांना तो कशासाठी आहे हे सांगावंही लागणार नाही.

परीक्षक तीन असावेत आणि सगळे शिक्षकच नसावेत. एक शिक्षक, एक हाताने काम करणारा कारागीर, म्हणजे कुंभार, बुरूड, एसटीच्या आगारातला मेकॅनिक असा कुणी, आणि एक तो प्रश्न रोज भोगणारा माणूस: शेतकरी, वनरक्षक, अंगणवाडी सेविका. आदल्या आठवड्यात त्यांना अर्धा दिवस एकत्र बसवा, दोन जुन्या वह्या वाचायला देऊन गुण द्यायला लावा आणि फरक का पडला यावर बोलू द्या. प्रत्येक चमूला निकालाबरोबर परीक्षकांच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी मिळाल्या पाहिजेत: काय आवडलं, पुढे काय तपासून पाहावं. मुलं त्या ओळी चषकापेक्षा जास्त दिवस जपतात.

जागेवरचा प्रश्न खोलीत शिरल्यावरच कळतो. करून दाखवायचा एक नमुना सांगतो. वर्तमानपत्राची चार पानं, एक मीटर सुतळी, ६० सेंटिमीटर अंतरावर दोन बाकं. आठ मिनिटांत असा पूल करा की मधोमध मातीने भरलेली पणती राहील. एकेक पणती वाढवत जायची. परीक्षकांनी पणत्या मोजाव्या, पण त्याहून जास्त चमूचं बोलणं ऐकावं: एकटाच हुकूम देतो आहे की लहान पोरीचीही कल्पना करून पाहिली जाते आहे. तोंडी प्रश्नही ठेवता येतो. फुटलेल्या मडक्याचे उपयोग, आळीपाळीने एकेक. नेहमीच्या उत्तराला १ गुण, कुणालाच अपेक्षित नसलेल्या उत्तराला ३. वर्षभर दर शनिवारी दहा मिनिटं असा सराव घेतला तर सगळ्या वर्गालाच त्याचा फायदा होतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

सादरीकरणाला १० गुण कमी वाटले तरी ते वाया जाऊ देऊ नका. दिवाळीनंतर पूर्वेकडच्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं चालतात. दंडार, गोंधळ, नाटक हे आपल्या मुलांच्या कानात आहे. आपला उपाय तक्त्यासमोर उभं राहून सांगण्यापेक्षा आठ मिनिटांच्या नाट्यातून दाखवायला सांगा. जागलीला गेलेला बाप, रानडुकराची टोळी, नवं साधन आणि शेवटी फजिती झालेलं डुक्कर, हे मुलं इतकं रंगवतात की गाव गोळा होतं.

वेळापत्रक आणि तो दिवस

जुलैत केंद्राच्या शिक्षण परिषदेत नियम समजावून सांगा आणि मुलांकडून प्रश्न गोळा करा. ऑगस्टमध्ये चमू आणि निरीक्षण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कल्पना आणि पहिला कच्चा नमुना. सोयाबीन काढणी आणि दिवाळीत काम मंदावतं, ते गृहीत धरा. डिसेंबरमध्ये केंद्रपातळीवर नुसतीच तपासणी, गुणांशिवाय. जानेवारीच्या शेवटी तालुक्याची फेरी. त्यानंतर शिष्यवृत्ती आणि वार्षिक परीक्षा येतात, त्यामुळे यापुढे ढकलू नये.

स्पर्धेच्या दिवशी उद्घाटनाला दहा मिनिटं, बस्स. लांबून पहाटे एसटीने आलेली मुलं भाषणं ऐकत उन्हात बसली तर त्यांचं सादरीकरण पडतं. प्रत्येक चमूला वेळेची चिठ्ठी आधीच द्या, मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा, दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र ठेवा. पालकांना बघायला बोलवा, पण मंचाच्या दोरीपलीकडे. रिकामा वेळ मिळेल त्या मुलांना विजासनची लेणी किंवा डोलारा तलावातला जुना दगडी पूल दाखवायला न्या, आणि एवढे दगडी खांब त्या वेळी पाण्यात कसे उभे केले असतील हे विचारा. उत्तर सांगू नका.

बक्षीस रोख नको. विजेत्या चमूला हत्यारांची एक पेटी द्या: करवत, पकड, पाने, मोजपट्टी, ती शाळेतच राहील. आणि प्रत्येक चमूचा उपाय त्याच्या गावच्या ग्रामसभेत मुलांनी स्वतः मांडला पाहिजे. एखाद्या शेतकऱ्याने त्यांचं साधन आपल्या धुऱ्यावर लावून पाहिलं तर त्या मुलांना दुसरा कुठलाच सत्कार लागत नाही. चांगल्या कल्पना ‘इन्स्पायर-मानक’ला आणि बाल विज्ञान परिषदेला पाठवायचं काम एका शिक्षकाने अंगावर घ्यावं, वह्या तयार असल्यामुळे ते सोपं जातं.

शिक्षकांवर कामाचा भार आधीच फार आहे, हे मला पूर्ण ठाऊक आहे. म्हणून सगळा तालुका एकदम उचलू नका. पहिल्या वर्षी एक केंद्र, सहा शाळा, दोन प्रश्न, तीन परीक्षक एवढंच करा, आणि आठवड्यातून एक तास. पुढच्या शिक्षण परिषदेत हा विषय मांडा, आणि तिथे जाण्याआधी आपल्या वर्गातल्या मुलांना विचारून त्यांना रोज छळणारे दहा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊन जा.